सुटकेच्या तीन वाटा

अमेरिकेत मोबाइलच्या दोन वर्षांच्या करारातून मुदतीआधी सुटायचं, तर नोव्हेंबर २००९ पासून व्हेरायझन स्मार्टफोनवाल्यांकडून ३५० डॉलर मागू लागली. कंपनी अगदीच निर्दय नव्हती. भरलेल्या दर महिन्यामागे १० डॉलर कमी करायची. म्हणजे २३ महिने इमानेइतबारे बिलं भरून शेवटच्या महिन्यात काडीमोड घेतला, तरी १२० डॉलर शिल्लकच!

दंड चुकवायच्या वाटा मात्र होत्या. पहिली, सैन्यात भरती व्हा. सेवा पोहोचत नाही अशा ठिकाणी किमान ९० दिवसांसाठी रवानगी झाली, की केंद्रीय कायदाच करार सोडवतो. बंदूक झेपत नसेल, तर दुसरी वाट मरणाची. मृत्यूचा दाखला पाहिला, की कंपन्या सहसा दंड माफ करत. तिसरी २०१४ मध्ये टी-मोबाइलने काढली: तुमचा ३५० डॉलरपर्यंतचा दंड आम्ही भरतो, तुम्ही फक्त जुना फोन आमच्या हवाली करा आणि नवा आमच्याकडूनच घ्या. एका सावकाराच्या ओसरीवरून उठून दुसऱ्याच्या ओटीवर बसावं, तसं.

पुढे असे करार मागे पडले. आता ग्राहक केव्हाही जायला मोकळा. जाताना फोनचे उरलेले हप्ते एकरकमी भरले म्हणजे झालं. त्याला दंड म्हणायचं नाही, एवढीच अट.