सूचना रात्री साडेनऊला येते

नागपूरच्या बर्डीवरची दुकाने रात्री नऊनंतर शटर ओढायला लागतात आणि शाळेची सूचना पालकांच्या गटावर साडेनऊला येते. असे का होते तेही मला ठाऊक आहे. वर्गशिक्षिका दिवसभर तासांवर असतात, परिपत्रक मुख्याध्यापकांच्या सहीसाठी पडून राहते, आणि घरचा स्वयंपाक आटोपल्यावरच त्यांना मोबाइल हाती घ्यायला सवड होते. त्यांच्यावर माझा राग नाही. पण सकाळी सातच्या शाळेत मुलीने हिरवा चार्ट पेपर, दोन पासपोर्ट फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स न्यायची आहे, हे मला साडेनऊला कळते. तेव्हा मेन रोडवर फेरीवालेसुद्धा गाठोडी बांधत असतात. फोटो स्टुडिओ आठलाच बंद झालेला असतो. दुसऱ्या दिवशी मुलगी वर्गात उभी राहते आणि तिच्या डायरीत लाल शाईने शेरा येतो. त्या शेऱ्याखाली पालकाची सही लागते, म्हणून सही मी करते.

माझी मुलगी यंदा नववीत आहे. शाळेचे नाव इथे लिहिणार नाही, कारण मैत्रिणींशी बोलल्यावर कळले की बाकीच्या शाळांमध्येही थोड्याफार फरकाने हेच चालते.

सूचनांमध्ये काय असते ते सांगते. सोमवार ते गुरुवार काळे बूट, शुक्रवारी आणि शनिवारी कॅनव्हासचे पांढरे. केसांना काळी रिबीन, दोन वेण्या. वह्यांना खाकी कव्हर, लेबल उजव्या कोपऱ्यात, त्यावर नाव निळ्या शाईने. जर्नल अमुक पानांचेच. यातला एकही नियम मला जाचक वाटत नाही. शिस्त हवी, आणि शाळेने ती लावलीच पाहिजे. माझी तक्रार एवढीच आहे, की हे सगळे मे महिन्यात, निकालाच्या दिवशी एका कागदावर छापून हातात देता आले असते. शाळेला तेव्हा ते माहीत असते. शुक्रवारच्या बुटांचा निर्णय काही गुरुवारी रात्री होत नाही.

फॉर्मचेही तसेच. दरवर्षी जूनमध्ये पुन्हा तोच फॉर्म येतो: आईचे नाव, वडिलांचे नाव, रक्तगट, जन्मतारीख, आधार क्रमांक. ही माहिती मुलगी पहिलीत गेल्यापासून शाळेच्या नोंदीत आहे, शिवाय सरकारच्या सरल प्रणालीत आहे, यू-डायसवर आहे. आता विद्यार्थ्यांसाठी अपार आयडी आला. त्यासाठी पालकांचे संमतिपत्र लागते आणि आधारवरचे नाव शाळेतल्या नावाशी जुळावे लागते. ते जुळत नसेल तर आधार केंद्र, मग शाळेचे कार्यालय, मग पुन्हा आधार केंद्र. ज्या आईची मजुरी दिवसावर असते, तिचे यात दोन-तीन दिवस जातात आणि तेवढे पैसे बुडतात. हे फॉर्म छापणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

गणवेशाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बर्डीवर जाऊन बघा. व्हरायटी चौकापासून झाशी राणी चौकापर्यंत आणि आत मोदी नंबर दोन, तीनच्या गल्ल्यांमध्ये आया मुलांचा हात धरून फिरत असतात. पांढरा शर्ट कुठेही मिळतो, निळा स्कर्टही मिळतो. अडते ते बेल्टवर, टायवर आणि खिशावरच्या बिल्ल्यावर. "ताई, त्या शाळेचा इथं नाही भेटत, त्यांचं दुकान ठरलेलं आहे," असे तीन दुकानदार सांगतात. ठरलेल्या दुकानात रांग असते, भाव एकच असतो आणि मुलीच्या मापाचा स्कर्ट पुढच्या आठवड्यात येणार असतो. तोपर्यंत गणवेश नाही म्हणून डायरीत शेरा.

शाळेला विशिष्ट दुकानातून गणवेश, वह्या किंवा पुस्तके घेण्याची सक्ती करता येत नाही, असे शासनाने वेळोवेळी परिपत्रके काढून सांगितले आहे. ही परिपत्रके शाळांकडे पोहोचतात. पालकांच्या गटावर ती आलेली मी कधी पाहिली नाहीत. माझी खरी तक्रार इथे सुरू होते. आम्ही काय करायचे, याची आठवण शाळा आठवड्यातून तीनदा देते. शाळेने आमच्यासाठी काय करायचे, याची आठवण कोणीच देत नाही.

दप्तराचेच बघा. केंद्राचे शालेय दप्तर धोरण 2020 मध्ये आले. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे त्यात म्हटले आहे. नववी-दहावीसाठी अडीच ते साडेचार किलो अशी मर्यादा दिली आहे. शाळेत वजनकाटा ठेवावा, दप्तरांचे वजन नियमितपणे तपासावे, हेही त्यात आहे. आपल्या राज्याने तर 2015 मध्येच दहा टक्क्यांचा नियम केला होता. नंतर 2023 मध्ये बालभारतीने दुसरी ते आठवीची पुस्तके चार भागांत छापली, आत वहीची कोरी पाने घातली, म्हणजे मुलाने एका वेळी एकच भाग न्यावा. दोन वर्षांत तो प्रयोग मागे घेण्यात आला, कारण मुले त्यासोबत वेगळ्या वह्या नेतच होती. हे कोणालाही आधी सांगता आले असते. पानावर लिहायचे की वहीत, हे मुले ठरवत नाहीत, वर्गातले शिक्षक ठरवतात. "वही वेगळी घाला" ही सूचनाही शाळेचीच असते.

माझ्या मुलीच्या दप्तरात नववीची पुस्तके, प्रत्येक विषयाच्या दोन वह्या, जर्नल, कंपास, डबा, पाण्याची बाटली आणि शिकवणीची फाइल असते. घरच्या काट्यावर ते मर्यादेच्या बरेच वर जाते. ती दोन मजले चढून वर्गात जाते. नक्की वेळापत्रक रविवारी कळले तर निम्मे वजन घरी राहील. ते सोमवारी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिले जाते, म्हणून ती सगळेच नेते.

शाळा सुटण्याच्या वेळी तर फाटकासमोर ऑटो, व्हॅन, दुचाक्या आणि मेन रोडवरून वळलेल्या गाड्या एकमेकींत अडकून पडतात. स्कूल बसबाबतच्या 2011 च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, सोबत पालकांचा प्रतिनिधी आणि पोलीसही. मुलांनी कुठे उतरायचे, कुठे चढायचे हे या समितीने ठरवायचे. आम्हाला मात्र "पालकांनी फाटकासमोर गाड्या लावू नयेत" एवढीच सूचना येते. मग कुठे लावायच्या, हे त्यात नसते.

आणि ऊन. हे पुण्यात बसून लिहिणाऱ्यांना सांगितले तरी पटत नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, कारण त्याआधी इथे मुलांना बाहेर काढवत नाही. तरी 2025 मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने 25 एप्रिलपर्यंत नेल्या गेल्या. नागपुरात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी बाराला मुले घरी येतात तेव्हा रस्त्यावरचे डांबर मऊ झालेले असते. वेळ बदलली, की तेही आदल्या रात्री कळते, आणि व्हॅनवाल्या दादांना सकाळी सहाला फोन करावा लागतो.

सोपे कसे करता येते याचे उदाहरण बर्डीवरच, मोरभवनच्या बसस्थानकावर आहे. खेड्यांतून येणाऱ्या मुलांना एसटीच्या पासासाठी पूर्वी खिडकीसमोर रांगेत उभे राहावे लागे. 2025 च्या जूनपासून महामंडळाने मुख्याध्यापकांकडून यादी घेऊन पास शाळेतच द्यायचे ठरवले. यादी शाळेकडे होतीच. कोणीतरी ती एकदा मागितली, आणि मुलांचे तास वाचले. आमच्या फॉर्मचे, फोटोंचे आणि झेरॉक्सचे असे का होऊ नये, हे मी मनापासून विचारते आहे.

यासाठी नवा कायदा नको. महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा 2011 चा आहे. खासगी शाळेने शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा, असे तो सांगतो. प्रत्येक पालक त्याचा सभासद असतो. कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, मुख्याध्यापकांनी फोन करून बोलावलेले नव्हे. समिती स्थापन झाली की नावे सूचनाफलकावर लावायची. अनेक शाळांत हे बिनबोभाट कागदावर उरकले जाते आणि आपण सभासद आहोत हे पालकांना वर्षअखेरीस कळते. ज्या दिवशी हे पालक खरोखर चिठ्ठीने निवडले जातील, त्या दिवशी एखादी आई बैठकीत विचारेल की सूचना चार दिवस आधी का येत नाही, आणि इतिवृत्तात तिचा प्रश्न लिहावा लागेल.

मुख्याध्यापकांना माझी विनंती साधी आहे. ज्या वस्तू विकत आणायच्या आहेत, त्यांची सूचना किमान चार दिवस आधी द्या, आणि मध्ये एक रविवार येऊ द्या. आठवड्याचे वेळापत्रक शनिवारी पाठवा. फॉर्म द्यायचाच असेल तर आधीची माहिती छापून द्या, चूक असेल तिथे आम्ही दुरुस्त करू. गणवेशाचे कापड आणि रंग सांगा, दुकान आम्ही शोधू. बिल्ला शाळेतच विका.

आणि पालकहो, शाळा 23 जूनला उघडली असेल तर तीस दिवसांची मुदत 22 जुलैच्या आसपास संपते. त्याआधी कार्यालयात जाऊन चिठ्ठ्या कधी टाकणार आहेत ते विचारा, आणि आपले नाव लेखी द्या.