भिंतीवरचे गोचीड कोणाचे?

"अगं, जरा इकडे ये. ही तुझी मंडळी भिंतीवरून आमच्याकडे निघालीयेत बघ."

बघितलं. गोचीडच. तपकिरी, चपटे, कंपाउंडच्या भिंतीवर वर वर चढणारे.

"माझे कशावरून काकू?"

"मग काय माझे? कुत्रा तुझ्याकडे. आमची मनी दिवसभर फ्रिजवर बसून असते. आणि तुमचा टायगर कुठाय? सकाळपासून भुंकला नाही."

"आजारी आहे हो. जेवण सोडलं, हिरड्या पांढऱ्याफटक, परवा तर नाकातून रक्त आलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, प्लेटलेट्स पार खाली. गोचीड ताप."

"बाई बाई, म्हणजे आपला डेंग्यूच की!"

"डेंग्यू डासाचा, हा गोचिडाचा. एर्लिकिया नावाचा जंतू असतो. आता चार आठवडे डॉक्सिसायक्लिन. हुशारी वाटली म्हणून मधेच सोडायचं नाही, असं बजावलंय. लघवी कॉफीसारखी झाली तर लगेच घेऊन या म्हणाले, तो दुसराच ताप. बबेसिया. त्याची औषधं वेगळी."

"पण तू तर रोज त्याचे गोचीड काढतेस. मी बघते ना, चिमटा घेऊन पायरीवर बसलेली असतेस."

"काढतेच. कातडीलगत धरायचा, सरळ ओढायचा, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. पण अंगावरचे काढून संपत नाहीत काकू. रक्त पिऊन टम्म फुगली की मादी खाली उतरते, भिंतीची फट गाठते आणि तिथे हजारोंनी अंडी घालून मरते. पिल्लं उपाशीपोटी कित्येक महिने दम धरतात. कुत्र्यावर दिसतात ते थोडे, बाकीचा संसार या फटींत."

काकूंनी भिंतीवरचा हात झटकन काढला.

"थांब, रॉकेल आणते."

"रॉकेल नको. फटी बुजवायच्या, टायगरचं गोणपाट उकळत्या पाण्यातून काढायचं आणि औषधाची फवारणी डॉक्टरांना विचारून. टायगरला आता तीन महिन्यांची गोळी देणार आहेत. पण तीसुद्धा गोचीड चावल्यावरच त्याला मारते. म्हणून एखादा दिसला की गोळी फुकट गेली असं नाही."

"ते मानेवर टाकायचे थेंब होते ना तुझ्याकडे? उरलेत तर दे. मनीला टाकते."

"अजिबात नाही! त्यात पर्मेथ्रिन आहे. कुत्र्याला चालतं, मांजराच्या यकृताला ते पचत नाही. झटके येतात, जीव जातो. टायगरचे थेंब ओले असताना मनीनं त्याच्याजवळही जायला नको."

मनी टायगरजवळ जाईल हे काकूंना अशक्यच वाटलं. त्यांच्या मते तिला स्वाभिमान आहे.

"आमची भाची ह्यूस्टनला कुत्र्याला दर महिन्याला गोळी देते. हृदयात जंत होतात म्हणे. मी म्हटलं, अमेरिकेत काहीही विकतात."

"खरंच होतात हो. डास चावून. वीतभराहून लांब जंत, हृदयाजवळच्या रक्तवाहिन्यांत. ती गोळी मागच्या महिन्यात शिरलेल्या अळ्या मारते, मोठे जंत नाही. मोठे व्हायला सहा-सात महिने लागतात, तोवर तपासणीत काही दिसत नाही. म्हणून तिकडे दरवर्षी रक्त तपासतात. आपल्याकडे आसाम-मिझोरामच्या बाजूला सापडतात. टायगरच्या रक्ताची पट्टी लावली ना, त्यात तेही बघितलं. नाहीयेत."

"आणि मांजराला?"

"होतात. कमी. पण मांजरात ते मारायचं धड औषधच नाही, म्हणून होऊ न देणं एवढंच हातात."

काकू जरा गप्प झाल्या. मग मूळ मुद्द्यावर आल्या.

"फटी बुजवायला गवंडी बोलाव. पैसे तू दे, कुत्रा तुझा."

"भिंत दोघींची आहे काकू."

"भिंत दोघींची, गोचीड तुझे. सिमेंटचे मी देते, मजुरी तुझी. चहा मात्र तुझ्याकडेच करायचा, आमच्याकडे साखर संपलीय."