माइक नको म्हणणारे बुवा

आपल्याकडे गिटार शिकायचं वय सोळा ते एकवीस. पुढे नोकरी लागते, गिटार कपाटावर चढते आणि दिवाळीच्या साफसफाईपुरती खाली उतरते. म्हणून चौऱ्याण्णवाव्या वर्षापर्यंत भर सभेत गिटार वाजवणाऱ्या आंद्रेस सेगोव्हियाचं नाव निघालं, की मला आधी त्याच्या घरच्यांचं कौतुक वाटतं.

खरं तर घरच्यांचा विरोधच होता. १८९३ साली स्पेनमधल्या लिनारेसला जन्मलेला आणि ग्रानादात वाढलेला हा पोरगा गिटार घेऊन बसला, तेव्हा तिथे ते गुत्त्यातलं वाद्य होतं. शहाण्यासुरत्या घरात पियानो. शिकवायला कोणी नाही, तेव्हा ‘गुरूही मीच आणि शिष्यही मीच’ अशी सोय त्यानं करून घेतली.

१९१२ साली माद्रिदमध्ये कार्यक्रम ठरला, पण जवळ धड वाद्य नाही. पठ्ठ्या सरळ गिटारी बनवणाऱ्या मान्युएल रामिरेसच्या दुकानात गेला आणि त्या संध्याकाळपुरती गिटार भाड्यानं मागू लागला. वाजवून दाखवली. तिथे बसलेले व्हायोलिनचे एक प्राध्यापक हळहळले, एवढा गुणी मुलगा आणि गिटारपायी फुकट चाललाय! रामिरेसनं मात्र ती गिटार त्याला देऊनच टाकली. फेड, पण पैशांनी नको, म्हणाला. आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. फेड झाली म्हणायची.

पुढे पॅरिस झालं, १९२८ साली न्यूयॉर्क झालं आणि जगभर बुवांचं नाव झालं. सभागृहं मोठी, गिटारचा आवाज बेताचा, तरी बुवांना माइक नामंजूर. आपल्याकडे ‘सा’ लागण्याआधी ‘मॉनिटर जरा वाढवा’ लागतं. इथे हजारो माणसं श्वास आवरून बसायची. कुणी खोकला, तर बुवा नुसतं बघत. त्या नजरेपुढे खोकलासुद्धा पुढच्या मध्यंतरापर्यंत दम धरत असणार.

पण ही करडी मूर्ती लबाडही होती. मेक्सिकोचा संगीतकार मान्युएल पोन्से हा त्यांचा मित्र. त्याच्या रचना कार्यक्रमात फार दिसू नयेत, म्हणून दोघांनी संगनमत केलं: पोन्सेनं जुन्या धाटणीची एक रचना करायची आणि बुवांनी ती बाखच्या काळातल्या वाइस नावाच्या वादकाची म्हणून वाजवायची. कित्येक वर्षं जाणकार वाइसला माना डोलावत राहिले. मला हा किस्सा ऐकून फार बरं वाटतं. मैफलीत आपल्याला काही कळत नसतं, हे एकवेळ चालतं. शेजारच्यालाही कळत नव्हतं, ही खात्री हवी असते.

सत्याहत्तराव्या वर्षी बुवांना मुलगा झाला आणि १९८१ साली राजानं त्यांना सरदारकी दिली. शेवटच्या वर्षापर्यंत, म्हणजे १९८७ पर्यंत, वाजवणं चालूच होतं.

एक गंमत तेवढी राहिली. ज्यांना गिटारचं शास्त्रीय संगीत ऐकायचा सराव नाही, त्यांच्याही कानावरून संगीतकार रोद्रिगोचा आरान्हुएसवरचा कॉन्चेर्तो कधी ना कधी गेलेला असतो. तो रोद्रिगोनं रेहिनो साइन्स दे ला मासा या दुसऱ्याच वादकासाठी लिहिला. बुवांनी तो कधीच वाजवला नाही. पुढे १९५४ साली रोद्रिगोनं खास त्यांच्यासाठी दुसरी रचना केली. ती मात्र बुवांनी आनंदानं वाजवली.