मातृभाषेचा प्रादुर्भाव

आमच्या बोरगावी, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नुकताच इंग्रजी संभाषणाचा एक वर्ग निघाला असून, विद्यार्थ्याच्या जिव्हेवरील 'मातृभाषेचा प्रभाव' तीन महिन्यांत समूळ नष्ट करण्याची हमी त्याच्या फलकावर अशा गांभीर्याने दिलेली आहे की, सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवरील हिवताप-निर्मूलनाच्या जाहीरनाम्यांचेच स्मरण व्हावे. व्याधी हटवावयाची म्हणजे प्रथम निदान हवे, म्हणून आम्ही मास्तरांस नम्रपणे पुसले की, प्रभाव नेमका कोणत्या मातृभाषेचा?

प्रश्न वाटतो तितका खोडसाळ नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळास गेली आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशाच्या दप्तरी जमा राहिला. तेव्हापासून आमची मराठी नागपूरकरांस हिंदीने बाटलेली आणि आमची हिंदी भोपाळकरांस मराठीने नासलेली वाटत आली आहे. एकाच बाकावरचा एक विद्यार्थी 'झेब्रा' आणि 'कॉलेज' म्हणतो, दुसरा 'जेब्रा' आणि 'कालेज'. आणि घरी 'डॉक्टर' म्हणणारा इसम तहसिलीत दाखल्याचा अर्ज घेऊन उभा राहिला की, काम अडू नये म्हणून, 'डाक्टर' म्हणतो. दोन व्याधी एका शुल्कात बऱ्या करणे मास्तरांस परवडेल कसे, ही चिंता आम्हांस आहे. नाव घालावयास नातवाला घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याची चिंता निराळी होती. "काहून जी मास्तर," तो म्हणाला, "पोट्ट्याची बोली काढून घेतल्यावर थो मायले हाक कोन्या बोलीत मारन?"

बरे, रिकाम्या झालेल्या जागी प्रतिष्ठापना कोणाची करावयाची? दक्षिण इंग्लंडचा सुशिक्षित गृहस्थ 'वॉटर'मधील अंत्य रकार गिळून टाकतो. अमेरिकन तो रकार जिभेखाली घोळवीत ठेवतो, पण मधल्या टकाराची हाडे मोडतो. स्कॉटलंडचा मनुष्य रकार नगाऱ्यासारखा वाजवितो. आणि पुष्कळ आयरिश मुखांतून 'थ्री' निघाले की 'ट्री', हे परक्या कानास उमगत नाही. या बेबंदशाहीचा बंदोबस्त करण्यासाठी बीबीसीने 1926 साली राजकवी रॉबर्ट ब्रिजेस यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, आणि 1930 साली ते निवर्तल्यावर त्या गादीवर बर्नार्ड शॉ आले, जे जन्माने डब्लिनचे, म्हणजे आमच्यासारखेच सरहद्दीपलीकडले! पुढे 1941 साली विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशरच्या गृहस्थाने त्याच बीबीसीवरून आपल्या प्रांतीय ढंगात बातम्या वाचल्या, तेव्हा लंडनवर बॉम्ब पडून गेलेले असतानाही श्रोत्यांना फिर्याद सुचली ती त्याच्या स्वरांची. तात्पर्य, ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांनाही मातृभाषेचा प्रभाव जडतो, आणि तो तीन महिन्यांत उतरल्याचा दाखला मिळत नाही.

आमच्या गावाच्या नावात आम्हांस बोरांचा आंबटगोड वास येतो. परंतु कित्येक औद्योगिक कागदपत्रांत ते इंग्रजीतून 'बोरेगाव' असे लिहिले गेल्यामुळे, वाचणाऱ्या साहेबास हे कंटाळ्याचे वसतिस्थान भासत असल्यास नवल नाही. तालुक्याची गत त्याहून मौजेची आहे. मँगनीज पोटात बाळगणाऱ्या अतिप्राचीन खडकांच्या एका समूहास भूशास्त्रज्ञांनी 'सौसर' हे नाव देऊन आमचा तालुका जगभरच्या ग्रंथांत नेऊन बसविला. पण ती इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी वाचणाऱ्याच्या तोंडून बाहेर पडते ती चहाची बशी. या विद्वानांच्या जिभेवरील मातृभाषेचा प्रभाव उतरविण्यासाठी मात्र सौंसरात अद्याप एकही वर्ग निघालेला नाही.

आमच्या प्रश्नाचे उत्तर मास्तरांनी दिले. ते म्हणाले, "प्रवेश मर्यादित आहेत, शुल्क आगाऊ."