किती फुटाला?

पुण्यात घर बघायला गेलेला माणूस स्क्वेअर फूट विचारतो. सांगलीत नुसते फूट विचारतात. "पाणी किती फुटाला येतं?" नळाचं नव्हे, कृष्णेचं. आयर्विन पुलाखाली ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ मध्ये कृष्णामाईनं ५७ फूट ओलांडले तेव्हा भल्याभल्यांची प्रतिष्ठा माळ्यावर चढली.

ती प्रतिष्ठा गावभागाची. गणपती मंदिर हाकेवर, बाजार पायाशी. विश्रामबागेत कोण राहायचं? विलिंग्डनचे नाहीतर वालचंदचे प्राध्यापक, आणि होस्टेलची पोरं. तिकडचं स्थळ आलं की आजी म्हणायची, "इतक्या लांब? तिथं काय कोल्ह्यांशी संसार करायचाय?" २००५ च्या पुरानं आजीचा मुद्दा ओला केला. ऐपतवाले आधी माडीवर गेले, मग थेट विश्रामबागेत. तिथं आता कोल्ह्यांच्या जागी 'हाइट्स' आहेत आणि भडंगाबरोबर टिश्यू पेपर देतात.

आमच्या काकांनी मात्र वाडा सोडला नाही. त्यांनी सोप्याच्या भिंतीवर २००५, २०१९, २०२१ अशा रेघा मारून घेतल्यात. घरातल्या पोरांची उंचीसुद्धा एवढ्या कौतुकानं कुणी नोंदवली नव्हती. विजेची बटणं इतकी वर नेलीत की पंखा लावायला काकू स्टुलावर चढतात. तळमजल्यावर परराज्यातले कामगार भाड्यानं राहतात. काका त्यांना भाडं सांगण्याआधी रेघा दाखवतात. हा प्रामाणिकपणा 'हाइट्स'वाल्यांच्या जाहिरातीत शोधून सापडायचा नाही.

सूर्यवंशी प्लॉटातल्या लोकांना असलं काही विचारावंच लागत नाही. पाणी चढायला लागलं की पहिलं त्यांच्याकडं, आणि मुक्काम शाळेत. तिथल्या बायका विश्रामबागेत पोचल्यात म्हणा. रोज सकाळी, धुण्याभांड्याला.

माझी आत्येबहीण साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर राहते. तिला पुराची भीती नाही. तिच्या शेजारचा वाडा पडला आणि चार मजली इमारत उभी राहिली. फ्लॅट घेतले पुण्यामुंबईच्या लोकांनी. किल्ला दिसणारी गॅलरी आणि दाराला कुलूप. कासच्या पठारावर फुलं आली की ही कुलपं उघडतात, खाली गाड्यांची रांग लागते, आणि हिलाच कुणीतरी विचारतं, "काकू, तुम्ही इथल्याच का?"

"विरजण मागायला एक दार उरलं नाही बघ," ती फोनवर कुरकुरली.

मी म्हटलं, "तुला विरजणाचं पडलंय. तुमच्या जिल्ह्यात कोयनेचे दरवाजे उचलले की इथं आमच्या काकांचे पाट तरंगतात."

"मग अदलाबदल करू या," ती म्हणाली. "तुमचं पाणी निदान आठवड्याभरात उतरतं."