…आणि वेळोवेळी सोपवलेली इतर कामे

सरकारी जॉबचार्टचे शेवटचे कलम ज्याने वाचले, त्याला मनुष्यबळ व्यवस्थापनाचे पुस्तक विकत घेण्याची गरज नाही. वरची दहा-बारा कलमे शोभेची. खरी नोकरी सुरू होते ती तळाच्या ओळीपासून: 'वरिष्ठांनी वेळोवेळी सोपवलेली इतर कामे'. या ओळीला ना हद्द, ना मुदत. दारव्ह्यासारख्या तालुक्याचा गावपातळीवरचा कारभार बराचसा याच ओळीवर चालतो.

एमबीएच्या वर्गात मात्र भलतेच शिकवतात. आधी कामाचा अभ्यास करा, मग त्याची आखणी करा, मग त्याला साजेसा माणूस शोधा. अमेरिकेच्या फ्रेडरिक टेलरने 1911 साली पुस्तकच लिहिले. त्याचा सल्ला साधा होता: कामाचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला घड्याळ लावा आणि एका माणसाच्या हाती एकच तुकडा द्या. त्याच काळात वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी किलिक निक्सन ही इंग्रज कंपनी यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर असे अरुंद रूळ टाकत होती. त्यावरचे एक स्टेशन दारव्हा मोतीबाग. रूळ आले, टेलरसाहेब काही आले नाहीत.

त्या रुळांवरच्या 'शकुंतला' या गाडीने टेलरला पार उताणे पाडले. मँचेस्टरमध्ये 1921 साली घडवलेले वाफेचे इंजिन 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत तिला ओढत राहिले, मग डिझेल आले. सुमारे 190 किलोमीटरच्या या मार्गावर शेवटी शेवटी सगळे मिळून सात माणसे. सिग्नल तीच बघायची, तिकिटे तीच विकायची, डब्यांपासून इंजिनही तीच सोडवायची. गाडी थांबली की गार्ड खाली उतरून तिकीटबाबू व्हायचा आणि शेवटच्या प्रवाशाला तिकीट देऊन झाले की पुन्हा गार्ड होऊन हिरवी झेंडी दाखवायचा. तिकीट काढता काढता गाडी सुटेल ही धास्ती इथे कोणाला नव्हती. सोडणारा गडीच खिडकीवर असायचा!

आता विद्यापीठी भाषेत याला कामाचा विस्तार म्हणतात. फ्रेडरिक हर्झबर्ग या दुसऱ्या फ्रेडरिकने 1968 साली बजावले होते, की एका कंटाळवाण्या कामात दुसरे कंटाळवाणे काम मिळवले तर माणूस फुलत नाही, नुसता वाकतो. कामासोबत जबाबदारी द्या, निर्णयाचा अधिकार द्या, मग बघा. शकुंतलेचा गार्ड दहा कामे करायचा, पण ती सगळी एकाच गाडीची होती आणि गाडी कधी सोडायची हे त्याच्या हातात होते. गाडी बंद पडली. शासनाने तिच्यातली दहा कामे तेवढी उचलली, झेंडी मात्र मंत्रालयात ठेवली.

पहिला मान गुरुजींचा. शिक्षण हक्क कायद्याच्या 27व्या कलमाने त्यांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे द्यावीत असे म्हटले आहे. शाळेतली दुपारची खिचडी या यादीत नाही. म्हणून ती बहुधा अध्यापनात मोडत असावी. सकाळी तांदूळ मोजायचा, डाळ मोजायची, शिल्लक साठा लिहायचा. शिजली की मुलांच्या आधी स्वतः खायची आणि चव नोंदवहीत शेरा मारून सही करायची. 'चव चांगली' या शेऱ्याखेरीज दुसरा शेरा लिहिण्याची हिंमत फारसा कोणी करत नाही, कारण 'मीठ कमी' लिहिले तर खुलासाही गुरुजींनीच द्यायचा. नोव्हेंबर 2016 मध्ये तर दर सोमवारी दहा-दहा मुलांसोबत सेल्फी काढून ती 'सरल' या शालेय पोर्टलवर चढवण्याचा आदेश निघाला होता. ओरड झाली आणि तो गुंडाळला गेला. नाहीतर डीएडच्या अभ्यासक्रमात छायाचित्रणाचा पेपर आलाच होता.

आशाताईंची गोष्ट आणखी सुरस आहे. 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियानात हे पद जन्मले तेच 'स्वयंसेविका' म्हणून. बाळंतपणापासून क्षयरोगाच्या गोळ्यांपर्यंत सगळे पाहायचे, कोरोनात दारोदार ऑक्सिजन मोजायचा, पण कर्मचारी म्हणायचे नाही, पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी राज्यातल्या आशा मानधनवाढीसाठी संपावर बसल्या होत्या. जिनिव्हाला त्यांचे काम दिसले, पे-बिलाला अजून दिसायचे आहे.

आणि तलाठी? 2023 च्या भरतीत 4 हजार 600 वर जागांसाठी 10 लाखांहून जास्त अर्ज आले. निकालात काहींना 200 पैकी 214 गुण पडले. परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत झाल्यामुळे गुण समान पातळीवर आणले, असा खुलासा झाला. खरे तर खुलाशाची गरजच नव्हती. स्वतःचा सज्जा सांभाळून शेजारच्या सज्ज्याचा अतिरिक्त प्रभार घेणाऱ्याला शंभर टक्क्यांवर गुण लागतातच. पुढे कामाचा भार तसाच ठेवून शासनाने पदाचे नाव बदलले: ग्राम महसूल अधिकारी. पाटी लांब झाली, टेबल तेवढेच राहिले.

एवढे करूनही काही कामे उरली, तेव्हा शेतकऱ्यालाच रुजू करून घेतले. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पराटीत उभे राहून, मोबाइल डोक्यावर धरून रेंज शोधायची, गट नंबर टाकायचा आणि पिकाचा फोटो चढवायचा. ओटीपी येईस्तोवर म्हणायचे, 'थांब ना बाप्पा.' ना मुलाखत, ना नेमणूक पत्र, ना पगार. बिनपगारी डेटा एन्ट्री ऑपरेटर मिळवण्याची ही युक्ती अजून हार्वर्डलाही सुचलेली नाही.

उपाय महाग नाही. नवे काम देणाऱ्या प्रत्येक आदेशात, त्याच कागदावर, त्याच सहीने, एक जुने काम कमी केल्याचेही लिहावे. असा शासन निर्णय निघेपर्यंत गुरुजी, आशाताई आणि तलाठीभाऊंनी हाती येणाऱ्या प्रत्येक आदेशाची पोच देताना सहीच्या वर एकच ओळ लिहावी: 'आदेश मिळाला, यासाठी आधीचे कोणते काम थांबवावे, ते लेखी कळवावे.'