नसलेल्या तळ्यातला चेंडू

गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ आहे असं लहानपणापासून ऐकत आलो होतो. फुकटात गोल्फ खेळायला लागलो आणि त्याची खात्री पटली.

फुकटात म्हणजे मोबाइलवर. खऱ्या गोल्फशी माझा आलेला संबंध एवढाच, की पुणे विमानतळाकडे जाताना येरवड्यात रिक्षातून कुंपणापलीकडची हिरवळ दिसते आणि तिच्यावर टोपीवाली माणसं कशाची तरी वाट बघत उभी असलेली दिसतात. त्या कुंपणाच्या आत जायचा विचार आमच्या घराण्यात कोणी केल्याची नोंद नाही. मोबाइलवर मात्र कोणी घराणं विचारत नाही. गेम उतरवला, नाव टाकलं. ‘बाजीप्रभू’ हे नाव आधीच कोणीतरी घेतलेलं होतं, म्हणून ‘बाजीप्रभू २’ झालो आणि थेट कुठल्याशा समुद्रकाठच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, जाऊन उभा राहिलो.

सुरुवातीला हा गेम माणसाशी फार प्रेमाने वागतो. वारा नाही, ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ सपाट, तळी लांब. चेंडू भोकाच्या आसपास नेऊन सोडला की उरलेलं काम तो आपणहून करतो. मग फटाके उडतात, नाणी खणखणतात आणि पडद्यावर माझं कौतुक सोनेरी अक्षरांत झळकतं. आमच्या घरात मी केलेल्या कुठल्याही कामाला अशी दाद मिळालेली नाही. गॅसचा पाइप बदलून दिला तेव्हाही नाही. तेव्हा मला या खेळाची उपजत समज आहे आणि केवळ परिस्थितीमुळे ती आजवर झाकलेली राहिली, असं मला वाटू लागलं, यात माझा फारसा दोष नाही.

मग बढती होते.

हौशीचा ‘प्रो’ होतो, प्रोचा ‘मास्टर’, आणि प्रत्येक पायरीवर टी मागे सरकतो. काल जे भोक साडेतीनशे यार्डांवर होतं ते आज सव्वाचारशेवर जातं. वारा सुटतो आणि तोही आडवा. आणि ग्रीन जलद होतात. ग्रीन किती जलद आहे हे मोजायचं एक खरंखुरं साधन आहे, त्याला स्टिम्पमीटर म्हणतात. १९३५ साली ओकमाँटला यूएस ओपन चालू असताना एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या हौशी खेळाडूच्या डोळ्यांदेखत जीन सॅराझेनसारख्या दिग्गजाचा पट, म्हणजे भोकाकडे हलकेच ढकललेला चेंडू, घरंगळत ग्रीनबाहेर गेला. हे ग्रीन वाजवीपेक्षा जलद आहेत हे सिद्ध करायला स्टिम्पसनने एक लाकडी पन्हळी बनवली. ती तिरकी धरायची, वरून चेंडू सोडायचा, तो किती फूट जातो ते मोजायचं. बिचाऱ्याने ती तक्रार करण्यासाठी बनवली. आता क्लबवाले ‘आमचे ग्रीन किती भयंकर आहेत’ हे मिरवायला तिचा आकडा सांगतात. आमच्या गेममध्येही तो आकडा कोपऱ्यात दिसतो. तो वाढला की मी पट मारत नाही, चेंडूला नुसता हात लावून देवाचं नाव घेतो.

टी मागे गेला, वारा वाढला, ग्रीन निसरडे झाले. हातातली हत्यारं मात्र पहिल्या दिवशी फुकट मिळाली होती तीच. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्यांना हे लगेच कळेल: हुद्दा वाढला, पगार तोच, आणि बदली गडचिरोलीला. आमच्या ऑफिसात एक गृहस्थ होते. बढतीचं पत्र निघालं की त्यांच्या आईची तब्येत बिघडायची. पत्र मागे घेतलं की माउली ठणठणीत. गोल्फमध्येही अशी माणसं असतात, त्यांना सँडबॅगर म्हणतात. मुद्दाम दोन-चार फटके वाया घालवायचे, आपली पायरी खालची राखायची आणि मग बक्षिसाच्या दिवशी नवशिक्यांच्या घोळक्यात घुसून त्यांची कत्तल करायची. खऱ्या क्लबांतून त्यांच्याविषयी फार वाईट बोललं जातं. ऑनलाइन मात्र मला त्यांची बाजू पटते. जिथे हुशारीबद्दल दंड आहे तिथे हुशारी लपवणं हाच शहाणपणा.

आता सुईकडे येतो, कारण सगळा जीव त्या सुईत आहे.

बोटाने चेंडू खाली ओढायचा. त्याच्याभोवती एक कमान उमटते आणि तिच्यावर एक सुई डावीकडून उजवीकडे झुलू लागते. सुई बरोबर मधोमध आली की बोट उचलायचं. क्षणभर आधी उचललं तर चेंडू डावीकडे, क्षणभर उशिरा उचललं तर उजवीकडे, आणि उजवीकडे नेहमी पाणी असतं. या सुईचं मूळ चांगलंच जुनं आहे. १९८४ साली निन्टेंडोचा ‘गोल्फ’ आला. त्याचं प्रोग्रॅमिंग करणारा तरुण सातोरू इवाता पुढे त्याच निन्टेंडोचा अध्यक्ष झाला. त्यात एक पट्टी होती. बटण तीनदा दाबायचं: एकदा हात उचलायला, एकदा जोर ठरवायला, एकदा नेम ठरवायला. कार्ट्रिज एकदा विकत घेतलं की श्रीमंताच्या घरी आणि कारकुनाच्या घरी ती पट्टी सारख्याच वेगाने धावायची.

तो काळ गेला. २००४ च्या सुमारास कोरियातून ‘पांग्या’ नावाचा ऑनलाइन गोल्फ आला, त्यात तर कपड्यांनीही फटका सुधारत असे. बरी टोपी, बरा झगा घातला की जोर वाढायचा, नेम सुधारायचा. हे वाचून मी हसलो होतो. मग माझ्या लक्षात आलं की आमच्या गेममध्ये फुकटच्या चेंडूची सुई पिसाळल्यागत पळते आणि विकतच्या चेंडूची सुई आरामात, शतपावली घालत फिरते. चेंडू जितका महाग तितकी सुई निवांत. ती आधी पळवली त्यांनीच, आणि आता तिला दम खायला लावायचे पैसेही तेच घेतात.

एकोणनव्वद रुपयांना मूठभर रत्नं. त्या रत्नांचे तीन चेंडू. एकेक चेंडू एका भोकापुरता. मी घेतले. ही गोष्ट लपून राहिली असती, पण बँकेचा मेसेज बायकोच्या मोबाइलवर जातो.

“अहो, हे एकोणनव्वद कसले?”

“चेंडू घेतले. तीन.”

“कुठे आहेत?”

“दोन आहेत. एक तळ्यात गेला.”

“कुठल्या तळ्यात?”

मी मोबाइल पुढे केला. तिने चष्मा लावून ते निळं तळं नीट पाहिलं. त्यात दोन बदकंही होती.

“म्हणजे तळं नाही, चेंडू नाही, बदकं नाहीत. पैसे?”

“ते होते,” मी म्हटलं.

खऱ्या गोल्फमध्ये पाण्यात गेलेले चेंडू पाणबुडे बाहेर काढतात, धुऊनपुसून पुन्हा विकतात. काही देशांत तो रीतसर धंदा आहे. माझ्या चेंडूच्या नशिबी तेवढंही नाही.

चेंडूंचं हे झालं, काठ्यांचं त्याहून वरचढ. काठी सरळ विकत मिळत नाही. तिची पानं मिळतात. इतकी पानं जमली की ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायची काठी, एक पायरी चढतो; पुढच्या पायरीला त्याच्या दुपटीने पानं, आणि वर नाण्यांची फी. ही पानं पेटीत असतात. पेटी जिंकली तरी लगेच उघडत नाही, कित्येक तास ‘उघडते आहे’ एवढंच दाखवते. आत्ता उघडायची तर रत्नं मोजा. मोजून उघडली तर आत हवी ती काठी सोडून सगळं: वाळूतून चेंडू काढायच्या काठीची पानं माझ्याकडे इतकी साठलीत, की मी आता मुद्दाम वाळूतच मारावं असं सुचवलं जात असावं. पैसे घेऊन बंद पेट्या विकण्याचा हा प्रकार बेल्जियममध्ये २०१८ साली जुगाराच्या कायद्याखाली बेकायदा ठरला. बाकी बहुतेक जगात पेट्या सुखाने उघडत राहिल्या आणि धंदा वाढला. मी खेळतो तो गेम वेगळा. पण याच घराण्यातला ‘गोल्फ क्लॅश’ घ्या. त्याला २०१८ साली ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, आणि तो बनवणारी प्लेडेमिक ही कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०२१ मध्ये १४० कोटी डॉलरना विकत घेतली. एकशे चाळीस कोटी डॉलरमध्ये येरवड्यातली किती हिरवळ येईल याचा हिशेब मी मांडायला घेतला होता, पण तेवढ्यात पेटी उघडली.

या सगळ्याबद्दल मी दिन्याकडे कुरकुर केली. दिन्या माझा शाळासोबती. आम्ही एकाच बाकावर बसून एकाच उत्तरपत्रिकेवरून नक्कल केली, पण तो पुढे बांधकामाच्या धंद्यात गेला, त्यामुळे तो खरा गोल्फ खेळतो. त्याच्या पाठीमागे एक माणूस त्याची पिशवी घेऊन चालतो.

“अरे, खऱ्या गोल्फमध्ये असलं चालत नाही,” दिन्या म्हणाला. “पिशवीत चौदाच काठ्या. पंधरावी सापडली तर दंड.”

हे खरं आहे. अमेरिकेत १९३८ साली हा नियम आला, त्याआधी काही जण पंचवीस-पंचवीस काठ्या बाळगत आणि त्या वाहणाऱ्या कॅडीचे हाल कुत्रा खात नसे. उलट चिक इव्हान्सने १९१६ ची यूएस ओपन सात काठ्यांत जिंकली होती. चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नको, ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान नको. ड्रायव्हरचं डोकं ४६० घनसेंटिमीटरपेक्षा मोठं नको. एवढं बांधूनही चेंडू लांब जातोच आहे, म्हणून २०२३ च्या डिसेंबरात नियम करणाऱ्यांनी चेंडूची चाचणीच आणखी कडक करायचं जाहीर केलं. सर्वांत जोरकस खेळाडूंचा फटका त्याने तेरा-पंधरा यार्डांनी आखूड व्हावा असा अंदाज. म्हणजे विकत घेतलेलं अंतर कमी करण्यासाठी दोन खंडांतली शहाणी माणसं डोकं खाजवत आहेत, आणि माझ्या मोबाइलवर तेच अंतर एकोणनव्वद रुपयांपासून उपलब्ध आहे.

पण दिन्याचं एक मी चालू दिलं नाही. मागच्या दिवाळीला त्याने नवा ड्रायव्हर घेतला. किंमत त्याने घरी सांगितली ती वेगळी आणि मला सांगितली ती वेगळी. या काठीने चेंडू वीस यार्ड लांब जातो, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. लांब जातो हे दिन्याही कबूल करतो. पण त्याचा चेंडू पूर्वीपासून उजवीकडे जातो, तो आता उजवीकडे वीस यार्ड लांब जातो. आधी बाभळीत सापडायचा, आता बाभळीपलीकडे. माझ्या गेममध्ये काठीवर ‘अचूकता अधिक सहा’ लिहिलेलं असलं तर अचूकता सहाने वाढतेच. एका गुणाची लबाडी नाही. पैसे टाका, माणूस सुधारतो. दिन्याने तीन शिक्षक बदलले, त्याचा खांदा अजून वर येतो.

तेव्हा दुकान मोबाइलचंच जास्त सचोटीचं, असं माझं मत मी त्याला ऐकवलं. तो गप्प झाला, आणि गप्प झालेला दिन्या हुकमाचं पान काढतो.

“तुझ्याकडे हँडिकॅप आहे?”

नाही. इथे मात्र मला माघार घ्यावी लागली. दिन्याचा हँडिकॅप चोवीस. म्हणजे साधारणपणे पट्टीच्या खेळाडूबरोबर खेळताना दिन्याच्या एकूण फटक्यांतून चोवीस वजा करायचे आणि मग कोण जिंकलं ते बघायचं. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे आणि तीत चोपन्नपर्यंत मुभा आहे. दुबळ्याला आधार, सबळाला ओझं. मोटारी उभ्या करायला मैदान लागतं अशा लोकांच्या खेळात इतकी समाजवादी तरतूद असावी, आणि माझ्यासारख्या रिक्षाने फिरणाऱ्याच्या खेळात ज्याच्याकडे रत्नं आहेत त्यालाच वाऱ्याने सूट द्यावी! परवाच माझ्यासमोर एक जण आला, त्याच्या चेंडूला वारा लागतच नव्हता. आम्ही दोघं एकाच टीवर, एकाच सोसाट्यात. माझा चेंडू थेट बदकांत, त्याचा सरळ.

दिन्याला माझी दया आली की कुतूहल वाटलं, कोण जाणे. त्याने तिथल्या तिथे गेम उतरवून घेतला. पैसे टाकायची त्याला सवयच. रात्रीत त्याने सर्वांत मोठा रत्नांचा पेटारा घेतला, काठ्या वर चढवल्या, निवांत सुयांचे चेंडू घेतले आणि आठवड्याभरात मला मागे टाकून मास्टरच्याही वरचा ‘लेजंड’ झाला. मला त्याने त्याच्या मंडळात सामील व्हायचं निमंत्रणही पाठवलं. मंडळाचं नाव ‘वास्तुपुरुष’.

मग एका रात्री त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

“अरे, इथे वर सगळे राक्षस आहेत. ब्राझीलचा एक पोरगा आहे, बारा-तेरा वर्षांचा असावा, तो भोकाबाहेर मारतच नाही. माझ्या काठ्या उत्तम आहेत, पण सगळ्यांच्याच उत्तम आहेत. खाली यायचं कसं?”

मी त्याला सँडबॅगरांची सगळी युक्ती समजावून सांगितली. मुद्दाम हरायचं. पायरी उतरली की मजेत खेळायचं.

“ते जमत नाही ना,” तो म्हणाला. “एवढे पैसे घातलेत की चेंडू वाकडा जातच नाही. तो पोरगा दोन फटक्यांत, मी तीन, फारतर चार. हरतो रोज, पण थोडक्यात. त्याने पायरी उतरत नाही. चांगलं सडकून कसं हरायचं ते सांग.”

“रविवारी मैदानावर हरतोस तसं.”

“तिथे मी हरत नाही,” दिन्या म्हणाला, “तिथे मला चोवीस मिळतात.”